आठ घरांची इमारत

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला या व्यासपीठावर उभे केले, ते मी गृहबांधणीतील कोणी जाणकार आहे म्हणून नव्हे. मॅट्रिक होऊन पुढे चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली, एवढेच माझे भांडवल. परंतु गेल्या वर्षभरात पुण्यातील आपल्या निदान सहा-सात कुटुंबांनी मजकडे येऊन एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, लहान नव्या इमारतीत जागा घ्यावी काय?" पेठांतील जुने वाडे आणि कोथरूड-कर्वेनगरकडील बंगले पाडून चार-पाच गुंठ्यांवर सात-आठ सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत, व आपल्या तरुण मंडळींना त्यांचा मोह पडतो. माझी कन्या व जावई हेही सध्या अशाच एका इमारतीच्या विचारात आहेत; तेव्हा मी या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहतो असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

मोह पडणे अगदीच अस्थानी नाही. १९९६ साली भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन मी सहा सदनिकांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेलो. लिफ्ट नव्हती. एका पावसाळ्यात मध्यरात्री माझ्या पत्नीच्या छातीत कळ आली. तेव्हा खालच्या दोन घरांतील मंडळींनी तिला खुर्चीत बसवून तिन्ही जिने उतरविले आणि रिक्षा मिळेना म्हणून स्वतःची गाडी काढली. त्यांना हाक मारावी लागली नाही. आमच्या घरातील दिवा अवेळी लागलेला पाहून ते आपण होऊन वर आले. दोनशे बिऱ्हाडांच्या संकुलात असे घडत नाही असे नव्हे, परंतु तेथे कोणाच्या घरी दिवा केव्हा लागतो हे सहसा कोणास ठाऊक नसते.

आता त्याच इमारतीची दुसरी हकीकत. दुसऱ्याच पावसाळ्यात गच्ची गळू लागली. ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत दोष दाखवून दिला तर तो बांधणाराने दुरुस्त करून द्यावा, असे १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यात आहे. आम्ही मात्र अर्ज कोणी लिहावा व सही प्रथम कोणी करावी यातच ती मुदत घालविली! खालच्या मजल्यावरच्यांना गळतीशी कर्तव्य नव्हते. दोन सदनिकांचे मालक परदेशी होते. पुढे गच्ची दुरुस्त करावयास निघालो, तो जमिनीचा मूळ मालक म्हणाला, "गच्ची माझी आहे, हात लावू नका." कागद काढून पाहिले तेव्हा कळले की जमीन आमच्या नावे झालेलीच नाही. सहकारी संस्था करावी तर त्या काळी दहा सभासद लागत, आणि आमची घरे सहा. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याचा मार्ग होता, परंतु त्यासाठी लागणारे घोषणापत्र मालकाने केले नाही, आणि त्याच्यामागे लागण्याइतके आमच्यात ऐक्य नव्हते. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गृहनिर्माण संस्थेस पाच सभासद पुरेसे झाले, तेव्हा कोठे आमची संस्था नोंदली गेली. पाचवी सही अमेरिकेतून आणावी लागली. तेवीस वर्षे आम्ही घराचे हप्ते फेडले, आणि घराखालची जमीन दुसऱ्याची होती.

ही कथा जुनी आहे, आता रेरा आला आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. जावईही तेच म्हणाले. २०१६ च्या त्या कायद्याने ग्राहकांवर उपकार केले आहेत यात शंका नाही. घेणाऱ्यांच्या पैशांपैकी ७० टक्के निराळ्या खात्यात ठेवावे लागतात, चटईक्षेत्राचा घोळ राहत नाही, बांधकामाच्या दोषांची जबाबदारी पाच वर्षे राहते. परंतु जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर त्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांहून किंचित कमी. म्हणजे ज्या इमारतींविषयी आपण बोलत आहोत, नेमक्या त्याच या दाराबाहेर राहतात. आठच सदनिका का बांधल्या, नववी का नाही, हे एकदा बांधणारास विचारून पाहावे. त्यांना १९६३ चा कायदा लागू आहे. त्यानुसार लेखी करार करून तो नोंदविल्यावाचून पैसे घेता येत नाहीत, आणि आगाऊ रक्कम किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक असू नये. मात्र संगणकावर प्रकल्पाची माहिती उघडून पाहण्याची सोय तेथे नाही. मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका, तीस वर्षांचा शोध-अहवाल हे सारे आपणच मागावयाचे.

खर्चाचा हिशेब तर तिसरीतल्या मुलासही करता येईल. समजा लिफ्ट, पंप, झाडलोट व रात्रीचा राखणदार मिळून महिन्यास ३२,००० रुपये लागले. आठ घरांत दरघरटी ४,००० पडतात. तीन घरे बंद राहिली व त्यांनी वर्गणी थकविली, तर उरलेल्या पाचांवर ६,४०० येतात. लिफ्ट मात्र पाच घरांसाठीही तेवढीच चालते.

यापेक्षा अवघड गोष्ट मतांची. जावयांनी पाहिलेल्या इमारतीत आठांपैकी तीन सदनिका मूळ मालक ठेवणार आहेत, व एक त्यांच्या बंधूंकडे जाणार आहे. सहकारी संस्था झाली की दर सभासदास एक मत. म्हणजे त्या सदनिका घरातील निरनिराळ्या माणसांच्या नावे केल्या, तर अर्धी मते एका घरात! मोठ्या संकुलात एखादा विघ्नसंतोषी निघाला तर तो दोनशेतला एक असतो. येथे एक घर रुसले की पंपाची दुरुस्ती थांबते. म्हणून मी जावयांना सांगितले की नळ-फरशा मागाहून पाहा, आधी इतर सात घरे कोण घेत आहेत ते पाहा.

आता जे सांगणार आहे ते काहींना रुचणार नाही. या इमारतीचे बांधकाम करणारे गृहस्थ आपल्याच ज्ञातीतले आहेत. (या स्मरणिकेच्या जाहिरातींच्या पानांवर अशी आणखीही नावे आपणांस दिसतील. संपादकांनी माझे भाषण त्यांच्या समोरच्या पानावर न छापल्यास बरे.) मी कागद मागितले तेव्हा ते खिन्न होऊन म्हणाले, "गुरुजी, आपल्या माणसाकडेही कागद?" मी निरुत्तर झालो, हे कबूल करतो. त्यांच्या वडिलांनी माझ्या कन्येच्या विवाहात पंक्ती वाढल्या आहेत.

घरी आल्यावर मला मुंबईच्या गामदेवीतील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेचे स्मरण झाले. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली, व ती अशा प्रकारची आशियातील पहिली संस्था समजली जाते. ती सारी एका ज्ञातीची, एकमेकांना ओळखणारी माणसे होती. तरीही त्यांनी केवळ ओळखीवर घरे बांधली नाहीत. सहकारी कायद्याखाली संस्था नोंदविली आणि मालकी संस्थेची ठेवली. त्यामुळे त्यांच्यातील आपलेपणा उणावला असे मी कोठे वाचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांकडे पुन्हा गेलो आणि स्पष्ट म्हणालो, "तुम्ही आहात तोवर मला कागदाची गरज नाही. पण तुमचे चिरंजीव माझ्या नातीला ओळखत नाहीत." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग चहा मागविला, आणि नकाशा व शोध-अहवाल त्याच आठवड्यात पाठविला. कराराचा मसुदा गेल्या मंगळवारी आला. त्यात गच्चीसंबंधी "मालकाच्या संमतीने" असे शब्द आहेत. ते तांबड्या शाईने अधोरेखित करून मी मसुदा परत पाठविला आहे. जावयांनी बयाणा अद्याप दिलेला नाही, आणि कन्या माझ्यावर थोडी रागावली आहे.