हान्सचे बेट

ग्रीनलंड आणि कॅनडाचे एल्समिअर बेट यांच्यामधून उत्तर ध्रुवाकडे जाणारा एक चिंचोळा समुद्रमार्ग आहे. त्याला नेअर्स सामुद्रधुनी म्हणतात. वर्षातील बहुतेक काळ ती हिमखंडांनी भरलेली असते. तिच्या ऐन मध्यावर, दोन्ही किनाऱ्यांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, एक उघडाबोडका खडक पाण्यातून वर आला आहे. क्षेत्रफळ अवघे सव्वा चौरस किलोमीटर. त्यावर ना झाड, ना वस्ती.

तेथे शिकारीसाठी येणारे इन्युइट लोक त्याला ‘तार्तुपालुक’ म्हणतात. त्याचा आकार त्यांना मूत्रपिंडासारखा दिसला. नकाशावर मात्र नाव आहे ‘हान्स’. हा हान्स कोणी राजा नव्हे, की दर्यावर्दी सरदार नव्हे. हान्स हेंड्रिक, स्वभाषेत सुएर्साक, हा ग्रीनलंडचा इन्युइट शिकारी. १८५३ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, तो अमेरिकन संशोधक केन यांच्याबरोबर निघाला आणि पुढे आणखी तीन मोहिमांत गेला. १८७२ च्या ऑक्टोबरात ‘पोलॅरिस’ जहाजापासून ताटातूट होऊन एकोणीस माणसे एका हिमखंडावर अडकली. त्यांत हान्सची पत्नी, मुले आणि दोन महिन्यांचे तान्हे बाळही होते. सहा महिन्यांहून अधिक काळ तो हिमखंड दक्षिणेकडे वाहत राहिला. हान्स आणि त्याचा सोबती एबिअरबिंग यांनी मारलेल्या सीलांवर सर्वांचे प्राण तगले. १८७३ च्या एप्रिलअखेर एकोणीसही जण जिवंत सुटले. हान्सने पुढे आपल्या आठवणी स्वतःच्या भाषेत लिहिल्या.

शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, डेन्मार्क आणि कॅनडा यांनी समुद्रातील सीमारेषा आखली. ती या खडकापाशी येऊन थांबली आणि त्याच्या पलीकडून पुन्हा सुरू झाली. खडक कोणाचा, हे तसेच राहिले. १९८४ मध्ये कॅनडाने तेथे आपला ध्वज रोवून व्हिस्कीची बाटली ठेवली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या मंत्र्याने आपला ध्वज उभारून शेजारी आपल्या देशाचे मद्य ठेवले. भांडण होते, पण त्यात रक्ताचा थेंब सांडला नाही. अखेर १४ जून २०२२ रोजी करार झाला. खडकातील एका नैसर्गिक घळीच्या आधाराने सीमा ठरली आणि दोन्हीकडच्या इन्युइटांना तेथे पूर्वीप्रमाणे ये-जा करण्याची मोकळीक राहिली.

बेट वाटले गेले. नाव मात्र अखंड राहिले. इतरांसाठी वाट शोधणाऱ्या त्या शिकाऱ्याचे ते स्मारक होय. पण त्याच्या लोकांनी त्या खडकाला आधीच नाव दिले होते, हेही विसरता येत नाही.