मंद आचेवरचे गोळे



आई गेली तेव्हा मी नोकरीनिमित्त नेपल्सला होतो. रजा मिळाली नाही. त्या रविवारी घरमालकीणबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, शिळा पाव भिजवून पिळायला दिला. तो खिम्यात कालवायचा. अंडं, किसलेलं चीज, लसूण घालायचं. गोळे तळून टोमॅटोच्या रश्श्यात सोडायचे. आच इतकी मंद, की अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटावा. त्या आवाजाला तिथे शब्दच आहे, ‘पिप्पियारे’. तासभर आम्ही तोच ऐकत बसलो. मला इटालियन येत नव्हतं, ते बरंच झालं.

आज मागच्या मोठ्या पातेल्यात तेच गोळे आहेत, मटणाच्या खिम्याचे. शाकाहाऱ्यांनो, तुमचा रस्सा गोळे सोडण्याआधीच वेगळा काढलाय.