किडनी सावरते, कान सावरत नाही

पिंपरीच्या प्रेस शॉपमधल्या किंवा चाकणच्या फाउंड्रीतल्या कामगाराला कमी ऐकू येऊ लागले, की सगळे मशिनच्या आवाजाकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा उगाच घातलेली नाही. पण हाच कामगार नुकताच किडनी अचानक निकामी झाल्याने रुग्णालयात राहून आला असेल, तर सगळे खापर मशिनवर फोडून चालणार नाही. किडनीच्या दुखण्यात कानाचीही चौकशी झाली पाहिजे, एवढेच आज सांगायचे आहे.

किडनी अचानक थांबते ती तीन कारणांनी. एक, तिच्याकडे रक्त कमी पोचते: भट्टीसमोरचा घाम, कमी प्यायलेले पाणी, त्यात जुलाब आणि वर पाठदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅकची गोळी. दोन, तिच्या पेशींनाच इजा होते: रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, लेप्टो, शेतात चावलेली घोणस, किंवा जड वस्तूखाली मांडी चिरडून स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरते आणि लघवी काळ्या चहासारखी होते. तीन, खडे वा गाठीने लघवीची वाटच अडते. मग पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात, फुप्फुसांत पाणी साचते. डॉक्टरांचे लक्ष आधी तिकडे जाते, आणि जायलाच हवे.

कानाचा संबंध येतो तो औषधांतून. गंभीर जंतुसंसर्गावर जेंटामायसिन, अमिकासिन दिले जाते. याच घराण्यातले स्ट्रेप्टोमायसिन पिंपरीच्या एच.ए. कंपनीत, म्हणजे 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, तयार होत असे. ही औषधे शरीराबाहेर पडतात ती किडनीतूनच. किडनी मंदावली की ती रक्तात रेंगाळतात, किडनीच्या नळ्यांत आणि आतल्या कानाच्या नाजूक पेशींत साचतात. नळ्यांच्या पेशी पुन्हा तयार होतात, म्हणून किडनी अनेकदा काही आठवड्यांत सावरते. कानातल्या पेशी गेल्या की गेल्या. जोडीला लघवी वाढवणारे फ्रुसेमाइड शिरेतून मोठ्या मात्रेत गेले, तर धोका आणखी वाढतो.

कोणी म्हणेल, जीव वाचवायचा तिथे कानाचे काय? प्रश्न रास्त आहे. कित्येकदा हीच औषधे जीव वाचवतात, आणि रुग्णाने ती मनाने बंद करू नयेत. पण जीव की कान, अशी निवड करण्याची पाळी क्वचितच येते. किडनीचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहून दोन डोसांतले अंतर वाढवता येते, रक्तातली पातळी मोजता येते, जमेल तिथे औषध बदलता येते. आईकडच्या नात्यात अशा इंजेक्शनांनंतर कुणाला बहिरेपण आले असेल, तर ते आधीच सांगावे. काहींत हा दोष आईकडून येतो आणि नेमक्या डोसानेही कान जातो. दुसरा आक्षेप असा, की आवाजाने आधीच बिघडलेल्या कानात औषधाची इजा ओळखायची कशी? आवाजाची इजा तपासणीच्या आलेखावर बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते. औषधाची सर्वांत उंच स्वरांपासून सुरू होऊन खाली उतरते. म्हणून कारखान्याच्या वार्षिक तपासणीतला जुना आलेख रुग्णालयात न्यावा. कानात गुंई आवाज येतो किंवा चालताना तोल जातो, हे डॉक्टरांना लगेच सांगावे. औषध कानात इंजेक्शन थांबल्यावरही कित्येक आठवडे राहते, त्यामुळे बरे होताच प्रेस शॉपच्या गोंगाटात परतणे धोक्याचे. डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिनचा आकडा असतोच; त्याखाली कानाच्या तपासणीची एक ओळ मागून घ्या.