कोणता पदार्थ किती भार सोसतो?

वीट, काळा दगड आणि सागवान यांचे सारख्याच आकाराचे ठोकळे करून ते दाबयंत्राच्या दोन पोलादी पाटांमध्यें एकामागून एक ठेविले, तर प्रत्येकाचा शेवट निराळ्या रीतीनें होतो. विटेच्या अंगावर प्रथम उभ्या भेगा पडतात व मग ती भुगा होऊन ढासळते. दगड बराच वेळ कांहींच दाखवीत नाहीं. नंतर एकाएकीं मोठा आवाज होऊन त्याच्या ठिकऱ्या उडतात. साग फुटत नाहीं. त्याचे तंतू तिरप्या रेषेंत दुमडून एकमेकांवर बसतात.

आंकड्यांत सांगावयाचें तर साधी वीट दर चौरस सेंटिमीटरला ३५ ते १०० किलोग्रॅम भार सोसते. घरबांधणीच्या काँक्रीटचा घन २८ दिवसांनीं २००च्या आसपास पोंचतो. सह्याद्रीचा घट्ट काळा पाषाण १०००च्या पुढें सहज जातो, आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ६०००च्या घरांत. साधें पोलाद मात्र २५००च्या सुमारासच कायमचें दबूं लागतें. मग पूल बीडाचे न बांधतां पोलादाचे कां बांधतात? कारण दाबाला इतकें खंबीर असलेलें बीड ओढलें असतां त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यांतच तुटतें, आणि तेंहि पूर्वसूचना न देतां.

परंतु हे सारे आंकडे आंखूड, जाड ठोकळ्यांचे आहेत, ही गोष्ट विसरली जाते. त्याच काँक्रीटचा, रुंदीच्या दुप्पट उंचीचा, गोल तुकडा दाबला तर उत्तर घनाच्या सुमारें चार-पंचमांशच येतें. उंची आणखी वाढविली तर प्रश्नच बदलतो. श्रोत्यांनीं बांबूची लांब कामटी जमिनीवर उभी धरून वरून दाबावी. ती चिरडत नाहीं, बाजूला वांकते. ऑयलर या गणितज्ञानें १७४४ सालीं याचा नियम मांडला : लांबी दुप्पट केली कीं वांकविणारा भार चौथाईवर येतो. या नियमांत पदार्थाच्या चिरडण्याच्या आंकड्याला जागाच नाहीं. तेथें त्याचा ताठपणा आणि छेदाचा आकार एवढेंच चालतें.

कॅनडांत क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर पोलादी पूल उभारला जात असतां याची किंमत मोजावी लागली. मधला गाळा प्रथम १६०० फुटांचा योजिला होता. तो १८०० फुटांचा झाला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर सुधारला गेला नाहीं. दाबाखालच्या प्रत्येक प्रचंड तुळईंत चार उभे पत्रे होते व त्यांना एकत्र धरणारी जाळी अगदींच किरकोळ होती. ऑगस्ट १९०७ च्या अखेरीस एका तुळईचे पत्रे सुमारें सव्वादोन इंच वांकलेले आढळले. ती कारखान्यांतूनच वांकडी आली असावी, असा वाद कांहींनीं घातला! कामावरील निरीक्षक मॅक्लुअर हे न्यूयॉर्कला सल्लागार अभियंते थिओडोर कूपर यांच्याकडे धांवले. पुलावर आणखी भार घालूं नये, अशी तार कूपर यांनीं केली. पण ती पुलावर न जातां पेनसिल्व्हानियांतील कारखान्याकडे गेली. २९ ऑगस्टला सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास पूल कोसळला. त्यावर ८६ कामगार होते. ७५ मेले, आणि त्यांत एकट्या कानावागे या वस्तीचे ३३ मोहॉक होते.

चौकशी मंडळानें पोलादाला दोष दिला नाहीं. जाळी अशक्त होती, म्हणून चारहि पत्रे एका तुळईसारखे वागूं शकले नाहींत. चार बारीक कामट्यांसारखे वांकले. नव्या पुलांत या तुळयांचा छेद दुपटीहून मोठा केला. १९१६ सालीं मधला भाग वर चढवितांना तो नदींत पडून आणखी बळी गेले. पण हा अपघात तुळयांचा नव्हता. पूल १९१७ सालीं पुरा झाला आणि अद्याप उभा आहे.