आरमारी रोजनिशा आणि अभ्यासवृत्ती
(सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



आपण हुगळीच्या काठी जमलो आहोत. म्हणून आरंभ एका आरमारापासून करतो.

फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर चालून गेले आणि तुळाजी आंग्रे यांची गलबते जळून खाक झाली. समुद्राच्या बाजूने इंग्रज होते; जमिनीच्या बाजूने, सांगावयास खेद वाटतो, खुद्द पेशव्यांची फौज होती. वर्ष सरण्यापूर्वी तोच वॉटसन, तेच ‘केंट’ जहाज घेऊन या हुगळीत आला आणि जानेवारी १७५७ मध्ये त्याने कलकत्ता परत घेतले. त्याच वर्षी तो येथेच वारला. सेंट जॉन्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

या घटनांची नोंद इंग्रजांच्या जहाजांवर रोजच्या रोज होत असे. लंडनजवळच्या ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आरमारी लेफ्टनंटांच्या रोजनिशा जतन केल्या आहेत. कप्तानांच्या रोजनिशा क्यू येथील दप्तरखान्यात आहेत. रोजनिशी सादर केल्यावाचून लेफ्टनंटास पगार मिळत नसे. म्हणूनच ही दप्तरे एवढी उरली. मात्र त्या वाचणे सोपे नाही. जहाजावरचा दिवस त्या काळी माध्यान्ही सुरू होई. रोजनिशीतली तेरावी तारीख म्हणजे आपल्या बाराव्या तारखेची दुपार! ही रीत इंग्रज आरमारात १८०५ पर्यंत चालली. इकडे आपल्या मोडी कागदांवर शुहूर सन आणि हिजरी महिन्याचा चंद्र. या दोन कालगणनांचा मेळ घालून एका दिवसाची हकीकत उभी करण्यास महिनेच्या महिने लागतात.

हे महिने अभ्यासकास कोणी द्यावयाचे? ग्रिनिचचे संग्रहालय १९३४ च्या कायद्याने स्थापन झाले व १९३७ मध्ये खुले झाले. सर जेम्स केअर्ड या जहाजमालकाने त्यासाठी संग्रह विकत घेऊन दिले, इमारतींचा खर्च सोसला. त्यांच्या नावाने तेथे ग्रंथालय आहे, आणि त्यांच्याच नावाने संशोधकांना अभ्यासवृत्ती दिल्या गेल्या. अभ्यासवृत्ती म्हणजे बक्षीस नव्हे. ती पोटाची विवंचना दूर करून दिलेली सवड होय. नोकरी सांभाळून, रजेच्या पंधरा दिवसांत दप्तरे वाचून होत नाहीत.

याच नगरीतील डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांचे उदाहरण पाहा. बंगाली असून त्यांनी मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेचा अभ्यास केला, गोव्याच्या दप्तरांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि १९४१ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या आरंभीच्या कारकिर्दीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आंग्र्यांचा शोध घेण्यास बंगाली विद्वान पुढे आला, याचा आपणांस अभिमान वाटावा आणि थोडी लाजही वाटावी.

इंग्रजांच्या वहीत आंग्रे म्हणजे चाचे. या शब्दावर नुसते रागावून काय होणार? पुण्याच्या पेशवे दप्तरातून सरदेसायांनी ४५ खंड संपादून दिले. तरी मोडी वाचणारा आणि जहाजी रोजनिशी वाचणारा माणूस बहुधा एक नसतो. तो एक व्हावा, यासाठी साहाय्य हवे. पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध इंग्रजांचा हात का धरला, हा अवघड प्रश्नही अशाच माणसाने निर्भयपणे विचारावा.

मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केला, नाटके केली, परप्रांतात भाषा राखली. आता सुवर्णमहोत्सवी निधीचा एक वाटा बाजूस काढून दरवर्षी एका तरुण अभ्यासकास, तो मराठी असो वा बंगाली, सहा महिन्यांची सवड द्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे. रक्कम लहान असली तरी चालेल. खंड मात्र पडू नये. हीरकमहोत्सवाच्या अंकात त्यांच्यापैकी एकाचा लेख वाचावयास मिळाला, तर आजचा हा समारंभ सार्थकी लागला असे मी समजेन.

जय हिंद! जय महाराष्ट्र!