हाजी अलीची कबर
(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी कुणा बादशहाची किंवा विद्वानाची गोष्ट सांगणार नाही. एका उंटवाल्याची सांगणार आहे.

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात क्वार्टझसाइट नावाचे एक लहान गाव आहे. आजूबाजूला रुक्ष वाळवंट. तेथल्या कबरस्तानात दगडांचा एक लहानसा मनोरा असून त्याच्या टोकावर धातूचा उंट आहे. ही हाजी अलीची कबर. तिच्यावरील पाटीत त्याचा जन्म सुमारे १८२८ साली सीरियात कुठेतरी झाला, एवढेच सांगितले आहे. गावाचे नाव कुणाला ठाऊक नव्हते!

त्याचे मूळ नाव फिलिप टेड्रो असे सांगतात. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला, हज केली आणि हाजी अली हे नाव घेतले. १८५५ साली अमेरिकन काँग्रेसने वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणण्याकरिता तीस हजार डॉलर मंजूर केले. १८५६ मध्ये 'सप्लाय' जहाजातून उंटांची पहिली खेप टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरली. उंट आले, पण त्यांची पाठ कशी बांधावी, त्यांना कसे बसवावे, हे तेथे कोणास येत होते? म्हणून उंटांबरोबर माणसेही आणली गेली. त्यांत आपला हाजी अली होता. गोऱ्या सैनिकांच्या जिभेला ते नाव वळेना. त्यांनी त्याचे 'हाय जॉली' करून टाकले.

१८५७ मध्ये एडवर्ड बील यांनी पंचवीस उंट घेऊन कोलोरॅडो नदीपर्यंत रस्त्याची आखणी केली. खेचरांपेक्षा उंटांनी अधिक ओझे वाहिले, तहान सोसली. नदीशी आल्यावर उंट पोहणार नाहीत अशी भीती होती. ते सुखरूप पोहून गेले. काही घोडे व खेचरे मात्र बुडाली. तरीही योजना टिकली नाही. उंट पाहून घोडे बुजत, खेचरवाल्यांना ते आवडत नसत. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले आणि १८६४ मध्ये कॅलिफोर्नियातील सरकारी उंट लिलावात निघाले. पुढे रेल्वे आली.

हाजी अलीने स्वतः उंटांवर मालवाहतूक करून पाहिली. धंदा बसला, तेव्हा त्याने उंट वाळवंटात सोडून दिले. पण तो हात बांधून बसला नाही. लष्करात खेचरांवर सामान लादण्याचे, वाट दाखविण्याचे काम केले, खाणी धुंडाळल्या. १८८० मध्ये टक्सन येथे त्याने नागरिकत्व घेतले, तेही फिलिप टेड्रो या जुन्या नावाने. त्याच वर्षी लग्न झाले, दोन मुली झाल्या. पुढे सोन्याचांदीच्या शोधात त्याने घर सोडले. हे मी झाकून ठेवणार नाही. वाळवंटाला वाट दाखविणारा माणूस आपल्या लेकरांची वाट मात्र चुकला.

१६ डिसेंबर १९०२ रोजी त्याने देह ठेवला. अखेरच्या उंटाच्या गळ्यात हात टाकून तो वाळूत मेला, अशी दंतकथा लोक सांगतात. कबरीवरचा मनोरा १९३५ साली अॅरिझोनाच्या रस्ते खात्याने बांधला. मरणानंतर तेहतीस वर्षांनी!

मित्रांनो, यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, हातातले कसब मोलाचे असते, पण काळ बदलला की एकाच कसबावर पोट भरत नाही. हाजी अली म्हातारपणापर्यंत नवे काम शिकत राहिला. आपण तरुणपणीच शाळा का सोडावी? दुसरी गोष्ट पालकांसाठी. मुलाचे नाव, जन्मतारीख, गाव शाळेच्या नोंदीत नीट लिहवून घ्या. जे आपण लिहीत नाही, ते दुसरे लिहितात आणि त्यांना जमेल तसे लिहितात. मग कबरीच्या दगडावर 'कुठेतरी' एवढेच उरते.

खुदा हाफिज.