शाळेचे छप्पर आणि आपत्ती निधी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले आणि रायगड किनाऱ्यावरील अनेक शाळांची छपरे उडाली. टाळेबंदीमुळे वर्गांत मुले नव्हती. यात शासनाचे कर्तृत्व काही नाही. शिवाय वादळात गावकऱ्यांनी आसऱ्याला जायचे ते याच शाळेत!

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीपैकी ८० टक्के मुख्यतः मदत व पुनर्वसनाला, २० टक्के पूर्वबंदोबस्ताला ठेवले. २००५च्या कायद्याने सांगितलेला हा दुसरा निधी प्रत्यक्षात यायला पंधरा वर्षे लागली. उडालेल्या पत्र्यांसाठी पैसा मिळतो. पक्क्या छपरासाठी मात्र प्रस्ताव फिरत राहतो. त्या विसातले किनाऱ्यावरील शाळांना किती मिळाले, हा हिशेब ग्रामसभांनी जिल्हा परिषदेकडे लेखी मागावा.